तलावात समुद्राची तयारी

मोह गळायला लागला की विशाचा फोन येतो. विशा माझा धाकटा भाऊ, गावीच असतो, मुलचेऱ्यापासून सायकलने तासाभराच्या वाटेवर. एरवी बारा महिने त्याला बहीण आठवत नाही, पण फाल्गुन सरता सरता एका सकाळी फोन वाजतो आणि तो म्हणतो, ‘बाई, लागला गळाले.’ मग मायचे गुडघे, म्हशीचं दूध, कोणाकडे लगीन आहे, एवढं सांगून ठेवून देतो. इथे घुग्घुसला माझ्या खिडकीच्या गजांवर कोळशाची धूळ बसलेली असते. खालून पहिल्या पाळीची माणसं मोटारसायकली फटफटवत जात असतात. मोहाचा वास इथे यायचं काही कारण नाही, तरी तो येतो, गोड, जरासा आंबूस, डोकं जड करणारा. त्याच्यामागून दोन हजार चारचा तो उन्हाळा येतो. त्या उन्हाळ्यात आम्ही बहीणभाऊ समुद्रावर जायची तयारी करत होतो.

हसू नका. आमचे लोक तेव्हा पोटभर हसून झालेले आहेत. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठे आहे हे मलाही कळत होतं. मी अंगणवाडीची बाई होते, अगदीच अडाणी नव्हते. आणि नुसतं समुद्र बघायला जायचं नव्हतं. विशाला तिथे लाटेवर उभं राहायचं होतं. पायाखाली फळी घ्यायची, लाट उचलली की उभं राहायचं आणि तिच्याबरोबर किनाऱ्यापर्यंत यायचं. त्याला सर्फिंग म्हणतात, हे आम्हाला मागाहून कळलं. विशा त्याला नुसतं ‘उभं राहाचं’ म्हणायचा.

हे खूळ कुठून आलं ते सांगायचं तर बाबांपासून सांगावं लागेल. आम्ही धिवर, नदी-तलावावर जगणारी माणसं. बाबांचा डोंगा होता, सावरीच्या एका खोडातून कोरलेला, त्याच्या नाकावर ओळखीसाठी तीन खाचा. मी बारा वर्षांची आणि विशा आठ वर्षांचा असताना श्रावणात प्राणहितेला पूर आला. बाबा लावलेली जाळी सोडवायला गेले ते परत आले नाहीत. गावातली माणसं पार सिरोंच्यापर्यंत काठाकाठाने पाहून आली. ना माणूस, ना डोंगा, ना वल्हं.

देह सापडला तर माणूस मेला. नाही सापडला तर बारा वर्षं वाट पाहायची, ही आमच्याकडची रीत. माय कुंकू लावत राहिली. अक्षय तृतीयेला घरोघर आपल्या मेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, त्यांना वर्षाचं पाणी मिळतं. आमच्या घरची घागर त्या दिवशी कोपऱ्यात पालथी असायची, कारण जित्या माणसाच्या नावाने ती भरता येत नाही. जित्याला जेवण, मेलेल्याला पाणी. बाबांना दोन्हींतलं काही नव्हतं. लहानपणी मला त्या दिवशी दुसऱ्यांच्या अंगणात जायला नको वाटायचं. सगळ्यांचे बाप पाणी पिऊन राहिले आणि माझाच बाप उभा आहे, असं काहीतरी डोक्यात यायचं.

त्या साली बारा वर्षं भरून वर सहा-सात महिने झाले होते.

आमच्या बाजूला बंगाली लोकांची गावं आहेत. फार पूर्वी तिकडून निर्वासित होऊन आले, सरकारने इथे जमिनी दिल्या. त्यातल्या एका गावात निताईभाऊंचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानात टीव्ही होता. विशा पंक्चर काढायला गेला आणि तिथेच खिळला. पडद्यावर निळ्या पाण्याची भिंत उभी राहत होती आणि एक उघडा माणूस फळीवर उभा राहून त्या भिंतीखालून सुळकन निघत होता. बाकीची पोरं क्रिकेट लावा म्हणून ओरडत होती. विशा घरी आला तो गप्प. जेवण झाल्यावर मी भांडी घासत होते, तेव्हा बाजूला येऊन बसला आणि म्हणाला, ‘‘बाई, त्या पान्याच्या मांगं बाबा उभे होते.’’

मी त्याला म्हटलं, ऊन लागलंय तुला, कांदा फोडून हुंग. पण तो हटेना. तोंड दिसलं नाही म्हणे, पाठ दिसली. डावा पाय पुढे, उजवा खांदा जरा पडलेला, डोंग्यावर उभे राहत तसेच. ‘‘पाठ तं ओरखू येते नं बापाची,’’ तो म्हणाला. मी त्याला चांगलंच झापलं. पण भांडी घासून होईपर्यंत मी दोनदा मागे वळून पाहिलं, हेही खरं.

मग निघाली ती बेटं. निताईभाऊंचा थोरला भाऊ अंदमानच्या एका बेटावर होता. निर्वासितांच्या वाटण्या झाल्या तेव्हा एका भावाला समुद्र मिळाला आणि एकाला आमचं जंगल. वर्षाकाठी दोनेक पत्रं यायची, बंगालीत. आमच्या शाळेतून रद्दीत निघालेला एक नकाशांचा जाडा जुना गठ्ठा माझ्याकडे होता. त्यात ती बेटं सुपातून सांडलेल्या दाण्यांसारखी दिसत होती, एकाखाली एक. विशाने आमच्या नाल्यावर बोट ठेवलं. नाला दिना नदीत, दिना प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत, गोदावरी समुद्रात. बोट कुठे उचलावं लागलं नाही. थोडं निळं ओलांडलं की बेटं.

‘‘सिधा रस्ता हाय,’’ तो म्हणाला.

मी तेव्हाच त्याला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही, कारण मलाही मजा वाटत होती, आता कबूल करायला काय जातं. पंचवीस वर्षांची झाले तरी चंद्रपूरच्या पलीकडे मी काही पाहिलेलं नव्हतं. बल्लारशाहून मद्रासची गाडी, तिथून तीन दिवस जहाज, हे नुसतं बोलताना सुद्धा तोंडाला चव यायची. बरोबर काय न्यायचं याच्या आमच्या याद्या व्हायच्या. सुकट, तांदूळ, मोहाचे लाडू, मिरच्या. तिकडे मिरची मिळते की नाही कोणाला ठाऊक. माय ऐकत असायची.

फळी विशाने स्वतः केली, सावरीच्याच लाकडाची, हलकी. वासल्याने तासून तासून दोन्ही टोकं निमुळती केली. नदीत डोंगा वळवत बसावं लागू नये म्हणून आमच्याकडे दोन्हीकडून सारखा करतात. समुद्राच्या फळीला पुढचं-मागचं असतं हे आम्हाला कोण सांगणार. मग तिला टोरीचं तेल पाजलं, मोहाच्या बियांचं. दिवसभर ती फळी अंगणात उन्हात पडून असायची आणि कुत्री तिला वळसा घालून जायची.

सराव गावच्या तलावात. चैत्रातला तलाव तो, रोज हातभर मागे सरकणारा. समुद्राची तयारी वाढत चालली होती आणि पाणी कमी होत चाललं होतं. शिवाय तलावाला लाट कुठली? म्हणून फळीला दोर बांधून तो दोर माझ्या हातात. मी लुगड्याचा काष्टा मारून पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून धावायचे आणि मागे फळीवर विशा उभा. दहा मोजेपर्यंत टिकायचा आणि धप्पकन पडायचा. मोहाच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून विचारायच्या, समुद्रातबी बहिनीलेच जुंपतं का रे? आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, अशी आमची गत. मी हसायचे. विशा हसायचा नाही.

एका भर दुपारी काय झालं ते मी आजवर दोन-तीन माणसांनाच सांगितलंय. मी धावता धावता थांबले, पायात बाभळीचा काटा गेला होता. खाली बसून तो काढला आणि वर पाहिलं तर फळी चाललेली. हळू, बैलगाडीच्या चालीने. दोर माझ्या हातात ढिला होता, पाण्यावर सापासारखा लोळत होता. वारा नव्हता, पाण्यावर पडलेलं पळसाचं पान जागचं हललं नाही. विशा फळीवर नीट उभा होता, डावा पाय पुढे, आणि खाली पाण्यात बघत होता. चार-पाच डोंग्यांएवढं अंतर गेल्यावर फळी थांबली. मी हाका मारत होते, त्याने वर पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर अंग पुसत म्हणाला, ‘‘ढकलत नोहतं कोनी. धरलं होतं खालून. पोरगं पह्यल्यांदा उभं राह्यते तवा धरते नं, तसं.’’

मी म्हटलं पाटाचं दार उघडं असेल, पाणी तिकडे ओढत असेल. जाऊन पाहिलं तर दार बंद, आणि वर कोळिष्टक धरलेलं. मी भित्री नाही. पोस्टमार्टेमला नेलेली माणसं पाहिलीत मी. पण त्या दिवशी मी दोर तसाच पाळीवर टाकून घरी आले.

आणि घरातला माठ. सकाळी गळ्यापर्यंत भरलेला माठ दुपारी अर्धा असायचा. घरात तिघं माणसं, त्यातली दोघं दिवसभर बाहेर. मी विशावर ओरडायचे, पिऊन परत भरता येत नाही का? तो शपथा खायचा. माठ झिरपतो म्हणून दुसरा आणला, तोही तसाच. मायने एकदाही विचारलं नाही की पाणी कुठे जातं. ती गुमान विहिरीवर जायची आणि पुन्हा भरून ठेवायची.

पुढे लग्नानंतर मी समुद्र पाहिला. नवऱ्याच्या कॉलनीतले लोक पुरीला जात होते, त्यांच्याबरोबर गेलो. तोच समुद्र तो, गोदावरी ज्यात जाते. सगळ्या बाया एकमेकींचे हात धरून पाण्यात किंचाळत होत्या. मला पाऊल टाकवेना. पाणी पायापर्यंत यायचं, थांबायचं, मागे जायचं, आणि जाताना पायाखालची वाळू काढून न्यायचं. नवरा म्हणाला, धिवराची पोरगी आणि पाण्याला भिते.

तर पत्राचं. आम्ही बेटावरच्या भावाला पत्र लिहिलं. मी हिंदीत लिहायचं, निताईभाऊंनी बंगालीत करायचं. विशाचे प्रश्न होते. तिथे पाणी कोणत्या महिन्यात उतरते? तलावाचं पाणी वैशाखात उतरतं तसं समुद्राचंही उतरत असणार, ही त्याची पक्की समजूत. लाटा दिवसभर येतात की ठरावीक वेळी? राहायला जागा आहे का? आणि शेवटचा प्रश्न: तिकडे कधी सावरीच्या लाकडाचा, नाकावर तीन खाचांचा डोंगा वाहत आलाय का? मी म्हटलं, अरे, प्रश्नातच उत्तर घातलं तर तो माणूस नाही कशाला म्हणेल? परक्या मुलखातल्या माणसाचं मन राखायला हो म्हणेल. विशा म्हणाला, ‘‘मंग त्यायले समजन कसं, कोनता डोंगा ते?’’ झालं. लिहिलं मी.

पत्र जाऊन उत्तर यायला महिना गेला. तेवढ्यात सोमाबुडा, आमच्यातले जाणते, दोनदा घरी येऊन गेले. म्हणाले, बारा वर्सं भरून गेली, या अक्षय तृतीयेच्या आत पुतळा जाळा आणि घागर भरा, मानसाले किती दिवस असं लटकवून ठेवता. पुतळा म्हणजे पळसाच्या पानांचा माणूस. देह नसला की त्याला अग्नी द्यायचा. अग्नी मुलाने द्यायचा. आणि मुलगा म्हणत होता, मी देणार नाही. मी त्या बेटांवर जाऊन येतो, समुद्र पाहून येतो, मग सांगतो बाप आहे की नाही. सोमाबुडा चिडले. विशाही चिडला. सगळं त्याच्या एका हो-नाहीवर अडलं होतं, आणि ज्या बाईचं कुंकू त्यात होतं ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. मी कोणाच्या बाजूची होते? खरं सांगते, मला बाबा जिते हवे होते. पंचवीस वर्षांच्या बाईने असं म्हणू नये, पण होतं तसं.

अक्षय तृतीयेला आठ दिवस राहिले असताना निताईभाऊ पत्र घेऊन स्वतः आले. अंगणात वाळत घातलेला मोह बाजूला सारून त्यांना जागा केली. माय तिथेच मोहातला कचरा निवडत होती. निताईभाऊ एक ओळ वाचत आणि तिची हिंदी करत. इथे पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. माय हळूच म्हणाली, दिवसातून दोनदा? तवा हे लोकं झोपते कवा? आम्ही सगळे हसलो. पुढे लिहिलं होतं की आता येऊ नका, पावसाचे दिवस येतात, जहाज फार हलतं. धान कापून झाल्यावर डिसेंबरात या, महिनाभर राहा, घर किनाऱ्यालाच आहे, खोली देतो. आणि हो, एक डोंगा आला होता. फार वर्षांमागे, पालथा तरंगत. नाकावर तीन खाचा. आम्ही त्यात गुरांना पाणी पाजतो.

विशा उठून उभाच राहिला. मला राग आला, निताईभाऊंसमोरच म्हटलं, आपणच दिलेलं उत्तर परत आलंय, नाचू नको. निताईभाऊ ओशाळले. मग कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, ‘‘और एक लाइन है. बाजू में टीन ठोका हुआ है. तेल के डिब्बे का. उस पर मोर छपा है.’’

ते आम्ही विचारलेलं नव्हतं. मोर मला ठाऊक नव्हता, विशालाही नव्हता. मायचे हात मोहात थांबले.

‘‘पुराच्या दोन दिस आंधी ठोकला तो पत्रा,’’ ती म्हणाली. ‘‘मीच कापून देल्ला होता. तुमी दोघंबी शाळेत होते.’’

वाळलेला मोह उन्हात बारीक चुरचुर वाजत होता. मायने निताईभाऊंना एकच विचारलं, पालथा होता म्हणते का? ते म्हणाले, हां मौसी, उल्टा. ती उठली, हात धुतले आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा कपाळ पुसलेलं होतं. मी तिला जन्मात तशी पाहिली नव्हती. मी ओरडले, रडले, काय काय बोलले. विशा तिच्या पायाशी बसला. म्हणाला, माय, डिसेंबरपर्यंत थांब, मी जाऊन पाहतो ना, बाबा तिकडे कुठे असतील, दुसऱ्या बेटावर असतील.

‘‘तुहा बा डोंगा सोडत नोहता,’’ माय म्हणाली. ‘‘डोंगा एकटा पोचला. आता त्याले पानी देऊ दे.’’

विशा दोन दिवस तलावाच्या पाळीवर बसून होता. तिसऱ्या दिवशी डोकं भादरून आला. प्राणहितेच्या काठी पानांचा तो माणूस पाच मिनिटांत जळून गेला. पानंच ती, किती वेळ लागणार. अक्षय तृतीयेला आमची घागर भरली. मायने दोन्ही हातांनी ती ओसरीवर ठेवली आणि पहिल्यांदा तिच्या तोंडून बाबांचं नाव ऐकलं. नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे. त्यानंतर माठ भरलेला राहू लागला असं मी म्हणणार नाही. वैशाखाचं ऊन होतं, सगळेच जास्त प्यायला लागलो होतो. पण मी मोजायचं सोडून दिलं.

बेटांचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. जायचं रद्द केलं असंही कोणी म्हटलं नाही. फळी गोठ्यात गेली. पाऊस झाला, रोवणं झालं, धान कापलं. निताईभाऊंच्या भावाचं पत्र आलं होतं की खोली झाडून ठेवलीय, कधी येता? विशाने निरोप पाठवला, पुढच्या साली.

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी समुद्र उठला आणि त्या बेटांवर चढला. निताईभाऊंच्या दुकानात टीव्हीपुढे सगळा गाव उभा होता आणि कोणी क्रिकेट मागत नव्हतं. विशा दिवस मावळेपर्यंत तिथे होता. घरी आला आणि मायच्या मांडीवर डोकं ठेवून निजला, एकवीस वर्षांचा बाप्या. आधी ठरल्याप्रमाणे तो त्या दिवशी किनाऱ्यावरच्या त्या खोलीत असायचा होता. मी त्याच्या अंगावर हात फिरवून पाहत होते, हात, पाय, कान, सगळं जागच्या जागी. मला इतका आनंद झाला होता की लाज वाटत होती, कारण निताईभाऊ अजून दुकानातच बसलेले होते.

पत्र आलं नाही. फोन लागला नाही. कोणी सांगे, ते टोक अख्खं गेलं. कोणी सांगे, माणसं जंगलात चढून वाचली. निताईभाऊ जो कोणी चंद्रपूरला जाईल त्याच्याकडे नाव लिहिलेला कागद देत. माघ लागला तेव्हा एका सकाळी आमच्या अंगणात येऊन उभे राहिले, सायकल हातात धरून. बसा म्हटलं तर बसले नाहीत. मायला विचारलं, ‘‘मौसी, तुम लोग में कितना साल रुकते हैं?’’

मी मायकडे पाहिलं. बारा हा शब्द तिच्या ओठांवर आलेला मला दिसला. तिने तो गिळला. पुढे होऊन त्यांची सायकल आपल्या हातात घेतली, भिंतीला टेकवून ठेवली आणि मग बोलली.

‘‘म्या बारा वर्सं त्याले तहानेलं ठेवलं, निताई. तू नोको ठेऊ.’’